शिवणीच्या आत हात घालून पाहणाऱ्या काकूंना

आदरणीय काकू,
सादर नमस्कार.

हे पत्र मी तुम्हाला घरी आणून देऊ शकले असते, कारण आपल्या दोन घरांत जेमतेम चार दारांचे अंतर आहे. तरीही ते सर्वांना वाचता येईल असे लिहीत आहे. समोरासमोर आभार मानताना माझे शब्द अडतात आणि जे म्हणायचे तेच राहून जाते, हे तुम्ही अनेकदा पाहिले आहे. शिवाय माझ्यासारखी मुले ज्या घरांत आहेत तेथील आयांना आणि शिवणकाम करणाऱ्या इतर बायकांना तुम्ही नेमके काय केलेत ते कळावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

माझ्या स्वमग्नतेचे (ऑटिझमचे) निदान झाले तेव्हा मी १३ वर्षांची होते. तोपर्यंत मला हट्टी, नाजूक, नखरेल असे म्हटले जात असे. आठवीत शाळेचा गणवेश बदलून सलवार-कमीज आणि ओढणी आली, आणि माझे दिवस फार कठीण झाले. कापड टेरिकॉटचे होते, गळ्यामागे लेबल होते, आणि काखेतल्या शिवणीचा ओव्हरलॉक केलेला काठ दिवसभर अंगावर काहीतरी चालत असल्यासारखा जाणवत असे. त्या जाणिवेतून सुटण्यासाठी मी बाहीचे टोक चावत असे आणि ओढणीचा काठ दोन बोटांत धरून घासत बसत असे. दुपारपर्यंत बाही ओली होई, थंडीत मनगटाची त्वचा फुटे. वर्गात एका बाईंनी ओढणी काढून टेबलावर ठेवली आणि मोठ्या मुलीला हे शोभत नाही, असे सांगितले. त्या दिवशी मी घरी येऊन संध्याकाळपर्यंत कॉटखाली पडून होते.

कोल्हापूरला आम्ही ज्या व्यवसायोपचार (ऑक्युपेशनल थेरपी) करणाऱ्या ताईंकडे जात होतो, त्यांनी मला प्रथमच हे समजावून सांगितले की ही सवय मोडण्याआधी ती माझ्यासाठी कोणते काम करते ते पाहिले पाहिजे. हलका, सरकता स्पर्श मला असह्य होतो आणि घट्ट, जड दाब मला शांत करतो; चावताना जबड्याच्या स्नायूंवर आणि सांध्यांवर जोर येतो, म्हणून गोंगाटाच्या तासाला माझे दात बाहीकडे जातात. स्पर्श, आवाज किंवा प्रकाश यांची अशी तीव्र किंवा उलट फार मंद जाणीव होणे हे २०१३ पासून डीएसएम-५ या अमेरिकन निदान-पुस्तिकेच्या निकषांतही नोंदलेले आहे, हेही त्यांनी आईला सांगितले. त्यांचे म्हणणे ऐकताना मला रडू आले होते. पण ताई महिन्यातून एकदा भेटत आणि गणवेश रोज अंगावर असे. त्यांनी सांगितलेले कापडात उतरवले ते तुम्ही.

आई मला तुमच्याकडे घेऊन आली तेव्हा तुम्ही टेप हातात घेतलीत, माझे आखडलेले खांदे पाहिलेत आणि टेप परत खुंटीला लावलीत. ‘मापाचा कमीज घेऊन या, हिच्या अंगाला हात लावायची गरज नाही,’ असे तुम्ही आईला म्हणालात. नंतर माझ्या जुन्या गणवेशाच्या काखेत स्वतःचा हात घालून, डोळे मिटून, शिवणीवरून बोटे फिरवलीत आणि मला विचारलेत, ‘इथे टोचते की इथे?’ काकू, तोपर्यंत मला सगळ्यांनी ‘टोचण्यासारखे काय आहे त्यात?’ एवढेच विचारले होते. टोचते हे खरे मानून पुढचा प्रश्न विचारणाऱ्या तुम्ही पहिल्या. या पत्रातील सर्व आभार मुळात त्या एका प्रश्नासाठी आहेत.

त्यानंतरचे काम तुम्ही ज्या बारकाईने केलेत ते मी विसरणार नाही. गणवेशाच्याच रंगाचे सुती कापड तुम्ही शोधून आणायला सांगितलेत, ते दोनदा धुऊन मऊ झाल्यावरच कापलेत, आणि प्रत्येक शिवण दुमडून दुसऱ्यांदा अशी शिवलीत की तिच्या कडा आतल्या आत बंद झाल्या. बाहीच्या आतल्या बाजूला बटणांनी लावता-काढता येणारी चौपदरी सुती पट्टी केलीत, म्हणजे चावायचे ते पट्टीला चावावे, बाही आणि मनगट कोरडे राहावे. बटणे तोंडाशी येऊ नयेत म्हणून ती वरच्या अंगाला, कोपराकडे लावलीत. अशा सहा जोड्या दिल्यात, शाळेच्या सहा दिवसांसाठी सहा.

आणि खिसा. आजीच्या जुन्या लुगड्याचा काठ तुम्ही कमिजाच्या उजव्या खिशात आतून शिवलात. ओढणी घासताना सगळा वर्ग पाहत असे. खिशातला हात कोणालाच दिसत नाही. सवय लपवावी लागणे योग्य आहे का, याबद्दल माझ्या मनात आजही प्रश्न आहे, आणि घरी मी ती मुळीच लपवत नाही. परंतु वर्गात मला निवांतपणा हवा होता आणि तो त्या खिशाने दिला. नववीच्या वर्षात मी इतिहासाचे जवळजवळ सगळे तास त्या काठाच्या उंचवट्यांवर बोट फिरवत ऐकले, आणि ते मला आठवतातही.

मांडीवर ठेवायच्या लहान गोधडीचेही सांगायला हवे. पहिल्या गोधडीत तुम्ही ज्वारी भरली होती आणि पावसाळ्यात तिला किडे झाले. तुम्ही न कुरकुरता ती उसवलीत, धुऊन वाळवलेली बारीक वाळू दुहेरी पिशव्यांत भरलीत आणि सगळे वजन एका कोपऱ्यात जाऊ नये म्हणून तिचे बारा कप्पे केलेत. वजनाची वस्तू ज्याची त्याला सहज बाजूला सारता आली पाहिजे, ही ताईंची सूचना लक्षात ठेवून तुम्ही ती जास्त जड होऊ दिली नाहीत. दहावीच्या अभ्यासाच्या रात्री ती माझ्या मांडीवर होती आणि खिडकीतून यंत्रमागांची खटखट येत होती. इचलकरंजीला येणाऱ्या पाहुण्यांना त्या आवाजाचा त्रास होतो. मला मात्र तो एका लयीत चालतो म्हणून बरा वाटतो, आणि शाळेची अचानक वाजणारी घंटा सहन होत नाही.

एकदा तुम्ही विचारले होते, ‘असे आणखी कोणाला होते का गं?’ तेव्हा मला उत्तर देता आले नाही, ते आता देते. अमेरिकेतील टेंपल ग्रँडिन यांना स्वमग्नता आहे. त्यांना लोकांची मिठी सहन होत नसे, पण दाब हवासा वाटे. नात्यातल्या एका बाईंच्या गोठ्यावर गुरांना लस टोचताना दोन बाजूंनी दाबून धरणारा सापळा त्यांनी पाहिला आणि वयाच्या १८व्या वर्षी स्वतःसाठी तसे लाकडी यंत्र तयार केले. पुढे त्या प्राणिविज्ञानाच्या प्राध्यापक झाल्या. त्यांनी फळ्यांनी जे साधले ते तुम्ही सुईदोऱ्याने साधलेत, असे मला वाटते.

शाळेने वेगळ्या कापडाला आधी नकार दिला होता, हे तुम्हाला माहीत आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत स्वमग्नता आहे आणि विद्यार्थ्याच्या गरजेनुसार वाजवी सोय करण्याचे बंधन शाळेवर आहे, असा अर्ज आईने दिला. पण मुख्याध्यापकांचे मन वळले ते तुम्ही शिवलेला कमीज त्यांच्या टेबलावर ठेवल्यावर. त्यांना तो इतर मुलींच्या कमिजांहून वेगळा ओळखताच आला नाही.

अकरावीचा गणवेश राखाडी आहे. कापड आईने दोनदा धुऊन ठेवले आहे, आणि या वर्षी माझे खांदे थोडे रुंद झाल्यामुळे मापाचा कमीज नवा पाठवत आहे. पट्ट्यांच्या मात्र तीनच जोड्या कराव्यात, कारण आता मला त्या रोज लागत नाहीत. खिसा आहे तसाच हवा. आजीने काठ काढून ठेवला आहे.

तुमची,
चार दारे पलीकडची मुलगी