डोळा लाल झाला म्हणजे डोळे आलेच असं नाही

मा. संपादक, स.न.वि.वि.

2023 च्या पावसाळ्यात राज्यभर डोळ्यांची साथ आली, तेव्हापासून डोळा लाल दिसला की लोक मेडिकलमधनं ड्रॉप आणतात आणि विषय संपला. आता गळीत हंगाम आहे, शिरोळ, कागल, करवीर सगळीकडं तोड चालू आहे आणि उसाचं पान लागलं तरी डोळा लालच होतो, म्हणून हे पत्र.

डोळे येतात ते कंजंक्टायव्हाला, म्हणजे पांढऱ्या भागावर आणि पापणीच्या आत जो पातळ पडदा असतो त्याला. खुपतं, चिपडं येतात, सकाळी पापण्या चिकटतात, पण नजर बहुतेक वेळा शाबूत असते. त्याच्या खालचा पांढरा चिवट भाग म्हणजे स्क्लेरा. आणि पुढं काळ्या भागावरची काच म्हणजे कॉर्निया, मधोमध जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड. गंमत अशी की कॉर्निया आणि स्क्लेरा दोन्ही मुख्यतः कोलॅजनचेच, पण कॉर्नियात ते धागे सारख्या अंतरावर शिस्तीत बसलेत आणि स्क्लेरात रानात पसरलेल्या पाचटासारखे कसेही, म्हणून एकातनं आरपार दिसतं, दुसरा पांढरा. कॉर्नियात रक्तवाहिन्या नाहीत, ऑक्सिजन हवेतनं अश्रूंमार्फत मिळतो. संवेदना मात्र इतकी की बारीक कुसळ लागलं तरी माणूस कळवळतो.

वरवरचा ओरखडा दोन-तीन दिवसात भरतो. पण पानावरची बुरशी त्या जखमेत शिरली तर साधा अँटिबायोटिक ड्रॉप तिला काही करत नाही, आणि स्टेरॉइडचा टाकला तर वरनं लाली कमी वाटते अन् आत बुरशी पसरत राहते, हे लय डेंजर आहे. (दूध, एरंडेल घालणाऱ्यांबद्दल काय बोलणार.) धाग्यांची शिस्त मोडली की फूल, म्हणजे पांढरा डाग, पडतं, ते खोल असेल तर ड्रॉपनं जात नाही, मग नेत्रदानातनं कॉर्निया मिळायची वाट बघत बसायचं.

पान लागल्यावर डोळा ठणकतोय, उजेड सोसत नाही, अंधुक दिसतंय, तर त्याच दिवशी डोळ्याच्या डॉक्टरकडं जावं, रंगाचा थेंब टाकून निळ्या उजेडात बघितलं की ओरखडा लगेच दिसतो. आणि कारखान्यांना एक विनंती आपल्या पेपरनं पोचवावी, ऊसतोड टोळ्यांना उचल देताना एका कोयत्यामागं, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीमागं, दोन साधे प्लॅस्टिकचे गॉगलपण द्या, खर्च काही फार नाही.

आपला एक वाचक,
कोल्हापूर