रविवारी सकाळी अडीच तास एक खोली हवी आहे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

परप्रांतीय भाडेकरूंना घर द्यावं की नाही, यावर गेले दोन आठवडे आपल्या दैनिकात वाचकांची पत्रं येत आहेत. मी ती सगळी वाचली. मी निवृत्त परिचारिका आहे. बत्तीस वर्षं नोकरी झाली, राहायला आकुर्डीत, माहेर राहुरीचं, घराणं तीन पिढ्यांपासून ख्रिस्ती. मत देण्यापेक्षा आमच्या घरात काय घडलं ते सांगते. शेवटी एक विनंतीही आहे.

२०१८ च्या फेब्रुवारीत माझ्या वॉर्डातल्या एका मिझो मुलीची आई वारली. गाव मिझोराममध्ये, लुंगलेईच्या पुढे. ऐजॉलपर्यंत विमानाने गेली असती तरी पुढे डोंगरातला लांबचा रस्ता. ती पोहोचायच्या आत दफन उरकणार होतं. तिने रजा टाकली नाही, ड्युटी केली. दुपारी डबा खाताना मला म्हणाली, "आमच्याकडे माणूस गेलं की गावातली पोरं रात्री त्या घरी जमून गातात. घरच्यांना एकटं सोडत नाहीत. इथे माझ्या खोलीवर कोण येणार, सिस्टर?" घरमालकाची ताकीद होती, खोलीवर माणसं जमवायची नाहीत. मी म्हटलं, माझ्याकडे या सगळ्या.

सात मुली आल्या. आमचा हॉल दहा बाय चौदाचा. सोफा भिंतीला लावला, सतरंज्या घातल्या. त्या वेगवेगळ्या पट्टीत, पण एकमेकींना धरून गात होत्या, पेटी नाही की तबला नाही. मला एक शब्द कळत नव्हता. आमचे हे आतल्या खोलीतून आले आणि दारातच खाली बसले. रात्री साडेअकराला गाणं थांबलं तेव्हा ती म्हणाली, "आता तुम्ही तुमचं एक म्हणा." आम्ही दोघांनी ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांचं एक भजन म्हटलं. ती तेव्हा पहिल्यांदा रडली.

पुढच्या रविवारी त्या परत आल्या. मग येत राहिल्या. त्यांच्यातली एक झारखंडमधल्या गुमल्याच्या, कुरुख ही आदिवासी भाषा बोलणाऱ्या मुलीला घेऊन आली, तिच्यामागून तिचा सेंटरिंगच्या कामावरचा भाऊ आला. आमच्याच इमारतीत मुलाकडे राहणारं गुंटूरचं म्हातारं जोडपं जिन्यात गाणं ऐकून वर चढून आलं. टांझानियाचा एक विद्यार्थी कसा आला ते आता आठवत नाही, पण तो आला आणि टिकला. वर्षभरात हॉल पुरेना. लोक स्वयंपाकघरात ओट्यापाशी उभे राहून प्रार्थना करू लागले.

एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. मिझो गीतांच्या पुस्तकात शब्दांच्या वर बारीक रोमन अक्षरं छापलेली असतात, 'डी', 'आर', 'एम' अशी. ते सूर. ती मुलगी नवं गीतसुद्धा त्या अक्षरांवरून वाचून गाते. माझ्या आजीच्या पुस्तकात मात्र गीताच्या डोक्यावर नुसतं 'चाल' लिहून जुन्या पदाचा पहिला शब्द दिलेला. ते पद ज्याला येतं त्यालाच गीत येणार. मी तिला चाली शिकवल्या, तिने मला अक्षरं. साठाव्या वर्षी मी सूर वाचायला शिकले!

भाषेचा प्रश्न सोपा नव्हता. सुरुवातीला सगळं हिंदीत करत होतो. ती कोणाचीच घरची नव्हती, आणि गुंटूरच्या आजींना तर येतच नव्हती. मग ठरवलं की शास्त्रवाचन दर रविवारी तीन भाषांत, आळीपाळीने. बोध मराठीत किंवा हिंदीत, शेजारी बसलेल्याने हळू आवाजात सांगायचा. येशूने शिकवलेली 'प्रभूची प्रार्थना' मात्र ज्याने त्याने आपापल्या भाषेत, एकाच वेळी, मोठ्याने. आधी गलका वाटतो. मग एकेक भाषा संपत जाते आणि शेवटी बहुतेक वेळा गुंटूरच्या आजींचा आवाज तेवढा उरतो. त्यांचं होईपर्यंत सगळे थांबतात. मग एकदम आमेन. टांझानियाचा मुलगा 'आमिना' म्हणतो, आता आमचा नातूही तेच म्हणतो.

आमच्या मूळ मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, काही वडीलधाऱ्यांना हे पटलं नाही. 'अशाने मराठी उपासना बुडेल, त्यांची त्यांनी वेगळी मंडळी करावी,' असं मला तोंडावर सांगितलं. त्यांची काळजी खोटी नाही. नव्या पिढीचं मराठी वाचन तुटत चाललंय हे मीही बघते. पण मी त्यांना आपलाच इतिहास आठवून दिला. अमेरिकन मिशनरी मुंबईत १८१३ साली आले. पुढे कितीतरी वर्षं आपले लोक बहुतेक परक्या चालींवर बसवलेली भाषांतरं गात होते. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला आणि मग अभंग, ओवी, कीर्तन मंडळीत रुजवलं, तेव्हा कुठे आपल्या आयाबायांना देवाशी घरच्यासारखं बोलता आलं. त्याच टिळकांनी १९१७ मध्ये साताऱ्याला 'देवाचा दरबार' हा येशूच्या अनुयायांचा मेळा मांडला. त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा होती. आपल्याला आपल्या बोलीत गायला मिळालं, तर कुरुख पोराने आपली बोली दाराबाहेर का ठेवावी? पवित्र शास्त्रातली, म्हणजे बायबलमधली, लुदिया जांभळी वस्त्रे विकणारी, परगावची बाई. फिलिप्पै शहरात तिने आपलं घर उघडलं. पहिल्या मंडळ्या घरांतच भरत होत्या.

आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांना (पाद्रींना) हे पटलं. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ते येऊन प्रभुभोजन, म्हणजे भाकर आणि द्राक्षारसाचा विधी, देतात.

शेजाऱ्यांचा त्रास झाला, पण आमच्यामुळे त्यांनाही झाला होता, हे कबूल करायला हवं. जिन्यात चाळीस जोड चपला. खालच्या काकांना दुपारची झोप नाही. सोसायटीची नोटीस आल्यावर मी राज्यघटनेचं धर्मस्वातंत्र्याचं कलम २५ दाखवत बसले नाही, खाली जाऊन माफी मागितली. कोणी विचारलं, 'धर्मांतर करता का?' येणाऱ्यांपैकी बहुतेक जण जन्मापासून प्रार्थना करणारे आहेत, त्यांना बसायला जागा हवी, एवढंच आहे. तरी उपासना घरातून दुसरीकडे हलवणं भाग होतं.

जागा शोधताना आठ ठिकाणी नकार आला. शेवटी एका क्लासच्या मालकांनी रविवारची वर्गखोली दिली. ते माळकरी आहेत. म्हणाले, "देवाचं नाव घेणार ना? मग फळा पुसून ठेवत जा, बाकी काही नको." भाडं आम्हीच आग्रहाने देतो. गेल्या वर्षी तुकोबांची पालखी आकुर्डीत मुक्कामाला होती, त्या रात्री त्याच वर्गात वारकरी उतरले. आमच्या मुलींनी आदल्या दिवशी खोली धुऊन काढली आणि पहाटे चारला चहा केला. कऱ्हाडकडच्या एका आजींनी त्या मिझो मुलीला जवळ बसवून विचारलं, "तुजं गाव कुठं गं बाय?" ती मराठीत म्हणाली, "लई लांब, आजी."

आता क्लास वाढतोय, जूनपासून ती खोली रविवारीही लागणार आहे. म्हणून हे पत्र. आकुर्डी, निगडी, चिंचवड भागात कोणाची शाळेची खोली, क्लास, छोटा हॉल रविवारी सकाळी बंद असेल तर आम्हाला आठ ते साडेदहा हवा आहे. माणसं चाळीस-पंचेचाळीस. तळमजला असावा, गुंटूरच्या आजींना आता जिना चढवत नाही. स्पीकर लावत नाही. ढोलक आहे, तोही नको असेल तर ठेवून देऊ. सार्वजनिक न्यास म्हणून नोंदणी करायची आहे, त्या कागदांवरही पत्ता लागतो, तेव्हा रीतसर करार आणि भाड्याची पावती मिळावी. खोली आम्ही झाडून, बाकं जागच्या जागी लावून देऊ. माझा पत्ता आणि फोन आपल्या कार्यालयात दिला आहे, कृपया विचारणाऱ्यांना द्यावा.

आपली,
एक वाचक, आकुर्डी