बारकीच्या वजनाची वही: ताई, तुमचे आभार

प्रिय ताई,

तुमचे तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही ‘पिल्लं जगली ना, झालं तर मग’ म्हणून विषय बदलता. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितेय. दुसरंही कारण आहे. मांजराची आईविना पिल्लं ज्याच्या पदरात पडतात, त्याला पहिल्या रात्री शेजारी बसून सांगणारं माणूस लागतं. मला तुम्ही मिळालात. ज्यांना असं कुणी मिळणार नाही, त्यांच्यापर्यंत निदान तुम्ही शिकवलेलं पोहोचावं.

तीन पिल्लं होती. डोळे मिटलेले, कान डोक्याला चिकटलेले, पोटाला नाळेचा वाळलेला तुकडा. तुम्ही आलात आणि दुधाकडे वळलाही नाहीत. आधी करंगळीचं टोक एकेकाच्या तोंडात घालून बघितलंत. तोंड गार लागलं. ‘गार पिल्लाला पाजायचं नाही,’ एवढंच म्हणालात आणि गरम पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून खोक्याच्या एका बाजूला ठेवलीत. दुसरी बाजू मोकळी सोडलीत, फार तापलं तर पिल्लांना तिकडे सरकता यावं म्हणून. ती ओरडत होती, माझा जीव वरखाली होत होता आणि तुम्ही मात्र एकेकाला हातात घेऊन चोळत बसला होतात. या वयात पिल्लाला स्वतःचं अंग गरम राखता येत नाही, अंग गार पडलं की पोटाचं काम थांबतं, पाजलेलं दूध आत तसंच साचतं किंवा श्वासनलिकेत उतरतं, हे तुम्ही चोळता चोळताच सांगितलंत. ती तिन्ही वाचली ती तुम्ही थांबलात म्हणून, असं मी आजही मानते.

मग दूध. घरात गाईचं दूध होतं, ते तुम्ही बाजूला सारलंत. मांजरीच्या दुधात प्रथिनं आणि स्निग्धांश गाईच्या दुधाच्या साधारण दुप्पट असतात. गाईच्या दुधावर पिल्लाचं पोषण होत नाही, वर जुलाब लागतात, आणि एवढ्याशा जिवाच्या अंगातलं पाणी जायला वेळ लागत नाही. मांजराच्या पिल्लांसाठीची दूध पावडर तुम्ही येतानाच घेऊन आला होतात. ती कोमट पाण्यात, एकही गुठळी न ठेवता कालवलीत आणि थेंब मनगटावर टाकून बघितलात. गरम नाही, गारही नाही, अंगाच्या उबेइतकं.

तुमची पाजायची पद्धत माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. तान्ह्या बाळाला घेतो तसं उताणं कधीच नाही, कारण तसं पाजलं तर दूध फुप्फुसात जाण्याची भीती असते. पिल्लू पोटावर, मान किंचित वर, आणि पुढे टॉवेलाची एक घडी. ती घडी कशाला, ते पिल्लाने तोंडात निपल धरल्याबरोबर कळलं. पुढचे दोन्ही पाय त्या घडीत रोवून ते आळीपाळीने दाबायला लागलं. आईचं दूध उतरावं म्हणून पिल्लं असंच करतात, त्यांना दाबायला काहीतरी लागतं, असं तुम्ही म्हणालात. बाटली तुम्ही दाबली नाहीत. जेवढं ते लुचेल तेवढंच. शंभर ग्रॅमच्या पिल्लाच्या पोटात एका वेळी चार-पाच मिलिलिटर दूध मावतं, म्हणून थोडं थोडं, पण रात्रंदिवस दर दोन-तीन तासांनी. पाजून झालं की कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने पोटाखाली हलकं पुसायचं, म्हणजे शी-शू होते. आई चाटून हेच काम करते, आणि तीन आठवड्यांची होईपर्यंत पिल्लांना ते आपलं आपण जमत नाही.

आणि वही. स्वयंपाकघरातला वजनकाटा मागून घेतलात, त्यावर वाटी ठेवलीत आणि वहीत तीन रकाने आखलेत. जन्मतः पिल्लू साधारण 90 ते 110 ग्रॅमचं असतं आणि रोज 10 ते 15 ग्रॅम वाढायला हवं. रोज एकाच वेळी, पाजण्याआधी वजन करायचं. मला तेव्हा ती उगाच शिस्त वाटली नाही, पण तिची खरी किंमत बारकीने दाखवली.

बारकी तिघांत लहान. एका संध्याकाळी तुम्ही वही उघडलीत आणि बोट तिच्या रकान्यावर थांबलं. कालचा आकडा तोच आजचा. पिल्लू शांत झोपलं होतं, कुणालाही वाटलं असतं की पोट भरलंय. तुम्ही तिला उचललंत, पोट चाचपलंत, मग बाटली उलटी धरलीत. थेंब टोकाशी यायचा आणि पडायचाच नाही. निपलचं भोक तिच्या ताकदीला बारीक पडत होतं. तिची भावंडं ओढून घेत होती, आणि ही चार घोट लुचून थकून झोपत होती. तुम्ही बिनसुईची सिरिंज घेतलीत आणि जिभेवर एकेक थेंब सोडत, तिने गिळल्याशिवाय पुढचा न देता पाजत राहिलात. त्याच वेळी प्राण्यांच्या डॉक्टरांना फोन लावलात. तान्ह्या पिल्लाचं वजन दिवसभरात वाढलं नाही तर ‘उद्या बघू’ म्हणायचं नसतं, हे तुमचं वाक्य माझ्या मनात कायमचं बसलंय. तिच्या दूध पाजण्याच्या वेळा तुम्ही वाढवल्यात. रकान्यातला आकडा पुन्हा सरकला तेव्हा तुम्ही त्याखाली एक रेघ मारलीत, बाकी काही बोलला नाहीत.

चौथ्या आठवड्याच्या सुमारास पिल्लं निपल चावायला लागली. तुम्ही म्हणालात, आता ताटली आणा. पिल्लांसाठीचं मऊ खाणं त्याच दुधात कालवून पातळसर लगदा केलात आणि उथळ ताटलीत ठेवलात. काळूने वास घेतला आणि सरळ चारही पाय घालून आत उभा राहिला. ठिपकी त्याचे पाय चाटू लागली आणि तिला चव कळली ती अशी. बारकी लांब बसून होती. माझा हात तिचं तोंड ताटलीत धरायला पुढे जायच्या आतच तुम्ही मान हलवलीत. नाकात गेलं तर ठसका लागतो, आणि धसका घेतला तर ताटलीकडे फिरकत नाही. तुम्ही बोटाच्या टोकावर लगदा घेऊन तिच्या ओठाला लावलात. तिने चाटला. बोट हळूहळू खाली, ताटलीपर्यंत नेलंत. पहिले काही दिवस बाटली चालूच होती, फक्त आधी ताटली आणि मग बाटली. लगदा दाट होत गेला, दूध कमी होत गेलं, शेजारी पाण्याची वाटी आली. काळूची बाटली सर्वांत आधी सुटली, बारकीची आठव्या आठवड्यात. तिला तेवढा वेळ दिलात, याचे वेगळे आभार.

पुढचं तुम्ही फोनवर सांगत गेलात. वाढत्या पिल्लाला वजनाच्या मानाने मोठ्या मांजराच्या दुपटीहून जास्त ऊर्जा लागते आणि पोट असतं इवलंसं, म्हणून चार महिन्यांपर्यंत दिवसातून चार वेळा, मग तीन, सहा महिन्यांनंतर दोन. खाणं पिल्लांसाठीचंच, वर्षाचं होईपर्यंत. नवं खाणं जुन्यात मिसळत आठवड्याभरात बदलायचं. जंताचं औषध डॉक्टर सांगतील तसं, वेळच्या वेळी. कांदा-लसूण घातलेलं काहीही नाही.

एका गोष्टीवर मात्र तुम्ही अडून बसलात. उकडलेलं मांस पिल्लं इतक्या आवडीने खातात, तर तेवढंच का नको, असं मी विचारलं होतं. नुसत्या मांसात कॅल्शियम फार कमी असतं, त्यावरच वाढलेल्या पिल्लाची हाडं ठिसूळ होतात, असं तुम्ही समजावलंत. आणि टॉरिन, म्हणजे मांसातला एक पोषक घटक. मांजराच्या शरीरात ते पुरेसं तयार होत नाही, खाण्यातूनच मिळावं लागतं, आणि मांस उकडून पाणी ओतून दिलं की त्यातलं बरंच त्या पाण्याबरोबर जातं. ते कमी पडलं तर डोळ्यांचा पडदा खराब होतो, हृदय कमजोर होतं. हृदयाचा संबंध 1987 साली पॉल पायन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवला आणि त्यानंतर तयार खाण्यातलं टॉरिन वाढवलं गेलं, हेही तुमच्याकडूनच कळलं. कुत्र्याचं खाणं मांजराला का चालत नाही, याचंही एक कारण तेच.

तिघांची नसबंदी झाली तेव्हा तुम्ही आठवण केलीत की आता भूक वाढेल पण गरज कमी होईल, हात आखडता घ्या. घेतलाय. काळू रुसतो, पण त्याची कंबर अजून दिसते.

ताई, तुमच्याकडे दरवर्षी पिल्लं येतात आणि रात्रीचं पाजणं तुम्ही एकट्या करता, हे मला आता ठाऊक आहे. पुढच्या खेपेला मध्यरात्रीपासून पहाटेपर्यंतची पाळी माझी. नको म्हणू नका. फोन उशाशी असतो.

तुमची,
काळू, ठिपकी आणि बारकीच्या घरची