घंटा

ठाणे
रविवार, रात्री उशिरा

प्रिय मित्रा,

आठ महिन्यांत तुला एक ओळ लिहिली नाही, माफ कर. माझी तब्येत ठीक. शुगर थोडी वर आहे, गोळ्या चालू.

आपला गिटारवाला गेला रे. वागळे इस्टेटचा. त्यानं स्वतःचा जीव दिला. बावीस वर्षांचा होता.

दफनाच्या दिवशी सकाळी मोठ्या फादरांनी बोलावून सांगितलं, चर्चमध्ये मिस्सा नको, घंटा नको, दफनभूमीत प्रार्थना करून आटप. "गाजावाजा झाला तर बाकीच्या पोरांच्याही डोक्यात भलतंसलतं येईल." त्यांच्या आवाजात राग नव्हता, धास्ती होती. मी "हो फादर" म्हणालो.

नियम मला ठाऊक होता. १९१७ च्या धर्मसंहितेत आत्महत्या केलेल्यांना चर्चचा अंत्यविधी नाकारला होता, १९८३ च्या संहितेत ते काढून टाकलं. हे कलम सेमिनरीत परीक्षेच्या आदल्या रात्री तूच माझ्याकडून घोकून घेतलंस, आणि फी म्हणून माझ्या वाटचं डुकराच्या मटणाचं सोरपोतेल फस्त केलंस!

दफनभूमीत वीस मिनिटांत सगळं उरकलं. त्याच्या आईनं मूठभर माती उचलली आणि तशीच हातात धरून मला विचारलं, "फादर, घंटा नाय वाजली. बिघडली काय?"

मी "हो" म्हणालो.

हे खोटं बोल असं मला कुणीच सांगितलं नव्हतं. ते माझं मीच बोललो. तेव्हापासून झोप नाही.

गच्चीवरचं भांडण आठवतं? फ्रान्झ येगरस्टेटरवरून? हिटलरसाठी लढणार नाही म्हणणारा तो ऑस्ट्रियातला शेतकरी. लिन्झच्या बिशपांनीसुद्धा त्याला घरच्यांचा विचार कर म्हणून समजावलं, तरी तो हटला नाही. ९ ऑगस्ट १९४३ ला त्याचं शिर उडवलं. तू बिशपांची बाजू घेतलीस. तीन लहान मुलींकडे कोण बघणार, म्हणालास. मी तुला भेकड म्हणालो आणि पंधरा दिवस तुझ्याशी बोललो नाही. २००७ मध्ये त्याला धन्य, म्हणजे संतपदाच्या एक पायरी अलीकडे, घोषित केलं तेव्हा मुद्दाम फोन करून तुला ऐकवलंसुद्धा. त्याची बायको तिथं हजर होती, नव्वदी ओलांडलेली. तू एवढंच म्हणालास, "तिनं काय काढलं असेल, ते बघ."

त्याच्यापुढं मरण होतं. माझ्यापुढं काय होतं? जेवणाच्या टेबलावरचा चार दिवसांचा अबोला.

फादर होताना, गुरुदीक्षेच्या वेळी, बिशपांच्या हातात हात देऊन मी आज्ञापालनाचं वचन दिलं. ते मला आजही मोडायचं नाही. पण "फादर, हे मला पटत नाही, पाच मिनिटं बोलू या," एवढं म्हणायला त्या वचनानं कुठं अडवलं होतं? कदाचित त्यांनी ऐकलंही असतं. त्यांनी त्या पोराला बाप्तिस्मा दिला होता रे.

परवा शेवटी बोललो. तिसाव्या दिवसाची मिस्सा मी चर्चमध्ये करणार, घंटा वाजवून, असं सांगितलं. ते बराच वेळ ताटाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "आईला आधी भेटून ये." आईला खरं सांगायचं आहे. पायरी चढायचा धीर होत नाही.

धाकटीचा दहावीचा निकाल काय लागला? वहिनींची बदली झाली का? कळव.

शनिवारी नेरूळहून ठाण्याची लोकल पकड. चारला स्टेशनबाहेर थांबतो. त्या पोराच्या आईकडे माझ्याबरोबर चल. आणि तिसाव्याला तू गा, त्याला तुझा आवाज आवडायचा.

तुझा,
जाड्या