माझे मनगट धरल्याबद्दल आभार

आदरणीय साहेब,
सप्रेम नमस्कार.

बूम लिफ्ट, म्हणजे लांब यांत्रिक हाताच्या (बूमच्या) टोकावरील बास्केटमधून माणसाला उंचावर नेणारे यंत्र, चालवायला मी आपल्या हाताखाली शिकलो त्याला काही वर्षे झाली, तरीही यंत्राभोवती एक फेरी मारल्याशिवाय आजही माझा हात चावीकडे जात नाही. ही सवय आपली देणगी आहे, म्हणून हे आभार जाहीरपणे मानत आहे.

त्या सकाळी काम आधीच खोळंबले होते. यंत्राखाली तेलाचा डाग दिसला, तेव्हा तो कालचाच असेल, असे मी सहज म्हणून गेलो. आपण वाद घातला नाही. डाग पुसायला लावला आणि बास्केट रिकामी ठेवून खालच्या पॅनेलवरून बूम वरखाली करायला सांगितले. थोड्याच वेळात पुसलेल्या जागी नवे थेंब पडले. गळती नेमकी कुठे आहे ते पाहण्यासाठी मी होजपाइपवरून हात फिरवणार, तोच आपण माझे मनगट धरले. दाबाखालचे हायड्रॉलिक तेल बारीकशा छिद्रातून उडून थेट कातडीत शिरते, जखम वरून किरकोळ दिसते आणि तरीही हात गमावण्याची वेळ येऊ शकते, हे मला तोवर ठाऊकच नव्हते. गळती शोधायला पुठ्ठ्याचा तुकडा धरायचा, बोट नव्हे, एवढेच सांगून आपण यंत्र बंद केले, ‘वापरू नये’ अशी पाटी लावली आणि उशिराबद्दलची बोलणीही स्वतःच ऐकून घेतली.

टायर, कठडे, इमर्जन्सी स्टॉप, तिरकेपणाचा भोंगा हे सारे तपासणी तक्त्यात होतेच. नुकताच बुजवलेला चर, चेंबरचे झाकण आणि डोक्यावरच्या विजेच्या तारा पाहायला मात्र आपण शिकवले. हार्नेसची (अंगावरच्या सुरक्षा पट्ट्याची) दोरी शेजारच्या खांबाला न बांधता बास्केटमधल्या ठरलेल्या कडीलाच अडकवायची, हेही आपलेच.

सर्वांत कंटाळवाणा वाटे तो आपला शेवटचा आग्रह: खाली थांबणाऱ्या मदतनिसाने आपत्कालीन उतरणीची यंत्रणा रोज स्वतः चालवून दाखवायची. ‘माहीत आहे’ हे उत्तर आपण कधी स्वीकारले नाही. पुढे एकदा मी 12 मीटरवर असताना वरचे नियंत्रण बंद पडले आणि माझ्या मदतनिसाने मला सावकाश खाली आणले. सकाळीच मी ते त्याच्याकडून करून घेतले होते, अर्थात दोघांनीही कुरकुरत.

तो आता स्वतः ऑपरेटर आहे. काल एका नवख्या मुलाच्या हातात तो पुठ्ठ्याचा तुकडा देताना दिसला, आणि मी हे पत्र लिहायला बसलो.

आपला कृतज्ञ,
एक बूम लिफ्ट ऑपरेटर