चाल कुणाची, ते सांगा की!

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतला जेरुसलेमवरच्या गाण्यांचा लेख वाचला. ‘येरुशालाइम शेल झाहाव’ म्हणजे ‘सोन्याचे जेरुसलेम’ या गाण्याची चाल उसनी होती, असे सांगताना लेखकाने ‘चोरी’ हा शब्द वापरला आहे. तो खटकला, म्हणून हे पत्र.

इस्रायली गीतकार-संगीतकार नाओमी शेमेर यांनी हे गाणे १९६७ साली जेरुसलेमचे महापौर टेडी कोलेक यांच्या सांगण्यावरून रचले. १५ मे रोजी इस्रायली गीतमहोत्सवात शुली नातान या तोवर फारशा कुणाला ठाऊक नसलेल्या मुलीने ते गायले. तीन आठवड्यांत अरब देशांशी युद्ध पेटले, जुने शहर इस्रायलच्या ताब्यात आले आणि शेमेर यांनी आणखी एक कडवे जोडले. (मूळ कडव्यात बाजाराचा चौक ओस पडल्याचे म्हटले आहे. अहो, तिथे अरब माणसे नांदत होती! मला चालीपेक्षा हा दोष मोठा वाटतो.) चालीचे मूळ एका बास्क (उत्तर स्पेनकडच्या) अंगाईगीतात. ते शेमेर यांनी वर्षानुवर्षे नाकारले आणि २००४ साली मृत्यूपूर्वी एका संगीतकार मित्राला पत्रातून कळवले, की चाल नकळत मनात राहून गेली होती. बाईंना त्याचा केवढा घोर लागला होता, हे वाचून वाईट वाटते.

कारण उसनी चाल हा आम्हा ज्यूंकडे कधी गुन्हाच नव्हता. सोळाव्या शतकातले कवी इस्राएल नजारा घ्या. तुर्की, अरबी, स्पॅनिश गाण्यांच्या चालींवर त्यांनी हिब्रू भक्तिगीते रचली. १५८७ साली गालीलमधल्या साफेद गावी छापलेल्या त्यांच्या संग्रहात गीताच्या डोक्यावर मूळ गाण्याचे नाव दिलेले असे. आपल्या संगीत नाटकांच्या पुस्तकांत पदावर ‘चाल : अमुक’ छापतात, अगदी तसेच. काही धर्मपंडितांनी नाके मुरडली, पण गाणी टिकली.

त्याच साफेदमध्ये श्लोमो अल्काबेत्स यांनी ‘लखा दोदी’ लिहिले. शब्बाथच्या, म्हणजे शुक्रवारी संध्याकाळी सुरू होणाऱ्या विश्रांतीच्या दिवसाच्या, स्वागताचे गीत, पण मधली बरीचशी कडवी जेरुसलेमला उद्देशून आहेत : ऊठ, धूळ झटक, अश्रूंच्या खोऱ्यात पुष्कळ दिवस बसलीस. जगभरच्या ज्यूंनी या शब्दांना किती चाली लावल्या, त्याची मोजदाद नाही. शब्द तेच, चाल गावागणिक वेगळी. आम्ही बेने इस्रायलींनी, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंनी, तर १८८० च्या दशकात मराठी कीर्तनेच उभी केली. बायबलातल्या मोशे, योसेफ, दावीद यांची आख्याने साकी-दिंडीत गायली. मूळ चाली इथल्याच, हे सांगायला कुणी लाजले नाही.

तेव्हा दोष उसने घेण्यात नाही, लपवण्यात आहे, आणि तोही नकळत झाला असेल तर क्षम्यच. आज जेरुसलेमवर नवे काही रचू पाहणाऱ्याने नजारांसारखे वर चालीचे नाव लिहावे आणि मोकळे व्हावे.

परवा शुक्रवारी आमच्यातल्या एका मुलाने ‘लखा दोदी’ नवी चाल लावून म्हटले. म्हातारे कुरकुरले, अर्थात मीही त्यांच्यातच. पण तिसऱ्या कडव्याला मान हलली. नंतर कोपऱ्यात गाठून विचारले, “कुठली रे?” तो गोरामोरा झाला आणि म्हणाला, “काका, आजीच्या जात्यावरच्या ओवीची.”

एक वाचक, ठाणे