रेषेचा सराव आणि समुद्राची क्षितिजरेषा

गुहागर

प्रिय सुहास यास,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. निवृत्तीनंतर चित्रकला पुन्हा हाती घ्यायची असे तू ठरवलेस, हे वाचून मनापासून आनंद झाला. थेट घरे, होड्या, बंदर काढायला घ्यावे की आधी रेषांचे आणि यथार्थदर्शनाचे (म्हणजे दूर-जवळच्या वस्तू डोळ्याला दिसतात तशा कागदावर काढण्याचे, पर्स्पेक्टिव्हचे) व्यायाम करावेत, असे तू विचारले आहेस. माझे मत असे की हे दोन्ही व्यायाम एकदमच सुरू करावेत आणि यथार्थदर्शनाचा पहिला धडा तू वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर उभा राहूनच घ्यावास. हाताला रेषा वश नसेल तर यथार्थदर्शनाचे ज्ञान कागदावर उतरत नाही, आणि रेषा कोठे जायला हवी हे डोळ्याला कळत नसेल तर वश झालेली रेषाही नुसतीच सुबक राहते.

रेषेपासून सांगतो. साहित्य अगदी साधे घे: काळे बॉलपेन आणि एका बाजूने कोरे असलेले कागद किंवा वर्तमानपत्राची रद्दी. पावसाळ्यात आपल्याकडे चांगला कार्ट्रिज कागदही सादळतो, त्यावर पेन्सिल नीट उठत नाही आणि पेनाची शाई पसरते. बॉलपेनला या दमटपणाचा फारसा त्रास होत नाही. बॉलपेनचा खरा उपयोग मात्र वेगळा आहे. ते खोडता येत नाही, म्हणून रेषा मारण्यापूर्वी विचार करावा लागतो. खोडरबर जवळ असला की हात अर्ध्या मनाने चालतो.

कागदावर साधारण वीतभर अंतरावर दोन ठिपके दे. पेन टेकवण्यापूर्वी ते कागदाच्या किंचित वर धरून एका ठिपक्यापासून दुसऱ्यापर्यंत दोन-चार वेळा हात फिरव, आणि मग त्याच गतीने, न थांबता, रेषा मार. या वेळी नजर पेनाच्या टोकावर नको, जेथे पोचायचे त्या ठिपक्यावर हवी. हालचाल खांद्यातून व्हायला हवी. मनगट आणि कोपर हे लहान त्रिज्येचे सांधे आहेत, त्यामुळे त्यांच्यावर फिरणाऱ्या हाताची लांब रेषा नकळत कमानीसारखी वाकते. खांद्यापासून पेनापर्यंतची त्रिज्या लांब असल्याने तेवढ्याच अंतरात ती जवळजवळ सरळ राहते. हळू ओढलेली रेषा थरथरते, कारण हात वाटेत सारखी दुरुस्ती करत असतो. म्हणून सुरुवातीला रेषा ठिपक्याच्या पुढे गेली किंवा थोडी बाजूला पडली तरी चालेल, पण ती एकसंध हवी. आधी ओघ आणि मग नेम, हा क्रम उलटा करू नकोस. दारात ठिपक्यांची रांगोळी घालणाऱ्या बाईचा हात पाहा: पीठ सुटू लागले की पुढच्या ठिपक्यापर्यंत तो थबकत नाही.

त्यानंतर एकच रेषा सात-आठ वेळा गिरवून पाहा. सर्व रेषा एकाच ठिपक्यातून निघाल्या पाहिजेत. शेवटाला त्या थोड्या विस्कटल्या तर चालतील, पण सुरुवातीलाच विस्कटल्या तर पेन नीट न ठेवता घाई झाली असे समज. पट्टी या सगळ्यात हाती घेऊ नकोस. ती फक्त नंतर तपासण्यासाठी.

आता यथार्थदर्शन. पुस्तके क्षितिजरेषेपासून सुरुवात करतात आणि ती म्हणजे पाहणाऱ्याच्या डोळ्याची पातळी असे सांगतात. शहरातल्या मुलाला हे मानूनच चालावे लागते, कारण त्याची क्षितिजरेषा इमारतींच्या आड असते. आपल्याला ती रोज समोर आखलेली मिळते. पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूवर, ओल्या वाळूच्या कडेशी उभा राहा. समुद्र आणि आकाश जेथे भेटतात ती रेषा बरोबर तुझ्या डोळ्यांच्या उंचीवर असेल. खाली बस, ती तुझ्याबरोबर खाली येईल. मागच्या टेकडीवर चढ, ती तुझ्याबरोबर वर चढेल. पृथ्वीच्या गोलाईमुळे पडणारा फरक इतका सूक्ष्म असतो की तो कागदावर दिसत नाही. डोळे जमिनीपासून दीड मीटरवर असतील तर ते क्षितिज सुमारे साडेचार किलोमीटरच दूर असते, हे ऐकून तुला नवल वाटेल. मला आजही वाटते.

तेथेच उभा राहून आणखी एक गोष्ट पाहा. सपाट पुळणीवर जवळ आणि दूर चालणारी, साधारण तुझ्याच उंचीची माणसे घे. सर्वांचे डोळे क्षितिजरेषेवरच येतील. पाय मात्र जो जितका दूर तितके वर दिसतील. नांगरलेल्या होडीची काठी क्षितिजरेषेने कापली गेली असेल, तर ती जेथे कापली गेली तेथे तिची पाण्यापासूनची उंची तुझ्या डोळ्यांच्या उंचीइतकी आहे. म्हणजे ती रेषा चित्रातली मोजपट्टीही आहे. हे एकदा डोळ्यात बसले की किनाऱ्याच्या चित्रात माणसे तरंगत नाहीत आणि होड्या हवेत लटकत नाहीत. पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला इटलीतल्या फ्लॉरेन्समध्ये ब्रुनेलेस्की या वास्तुकाराने यथार्थदर्शनाचे हे शास्त्र प्रयोगाने दाखवले आणि 1435 मध्ये आल्बेर्ती या विद्वानाने त्याचे नियम लिहून काढले. ते नियम वाचावेत, पण किनाऱ्यावरून परत आल्यावर.

लोपबिंदूसाठी, म्हणजे दूर जाणाऱ्या समांतर रेषा जेथे मिळताना दिसतात त्या बिंदूसाठी, पोफळीची (सुपारीची) बाग घे. ओळीने लावलेल्या पोफळींच्या मधल्या वाटेवर उभा राहिलास की दोन्ही बाजूंच्या बुंध्यांच्या रेषा समोर एका बिंदूकडे धावतात, आणि तो बिंदू डोळ्याच्या पातळीवरच असतो. इथे नवशिक्याला अडवणारा प्रश्न म्हणजे पुढचे झाड नेमके किती जवळ काढायचे. अंदाजाने अंतर कमी करत गेले की ओळ खोटी दिसते. उपाय असा: पहिला आणि दुसरा बुंधा सारख्या उंचीचे खांब समजून काढ, त्यांचे शेंडे, पाया आणि मध्य यांतून लोपबिंदूकडे तीन रेषा ने. आता पहिल्याच्या शेंड्यापासून दुसऱ्याच्या मध्यातून रेषा ओढून पायाच्या रेषेपर्यंत आण. ती जेथे टेकेल तेथे तिसरा बुंधा. याच रीतीने पुढे जात राहा. मी हे करून पाहिले तेव्हा झाडे खरोखर मागे सरकताना दिसली, आणि तो आनंद मला कोणत्याही रंगाने दिलेला नाही.

कौलारू घरे तुला काढायची आहेत, तर छपराबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण बहुतेकांची घरे तेथेच बिघडतात. घराचा कोपरा समोर घेतला की दोन भिंती दोन लोपबिंदूंकडे जातात. दुपाखी, म्हणजे दोन उतारांचे, छप्पर असेल तर आढ्याचे (माथ्याच्या तुळईचे) टोक बाजूच्या, छपराचा त्रिकोण जिच्यावर येतो त्या भिंतीच्या कागदावर मोजलेल्या मध्यावर येत नाही. त्या भिंतीच्या चौकोनाचे दोन कर्ण काढ. ते जेथे छेदतात तेथून उभी रेषा वर ने, टोक त्या रेषेवर येईल, आणि दूरचा अर्धा भाग जवळच्यापेक्षा अरुंद दिसेल. शिवाय पाख्याच्या, म्हणजे छपराच्या एका उताराच्या, दोन्ही कडेच्या तिरप्या रेषा कागदावर समांतर काढू नयेत. पुढचे पाखे वर चढत मागे जाते, म्हणून त्याच्या दोन्ही कडा त्या बाजूच्या भिंतीच्या लोपबिंदूच्या सरळ वर, आकाशात कोठेतरी मिळतात. तो बिंदू बहुधा कागदाबाहेर जातो, तेव्हा खाली वर्तमानपत्र पसरून त्यावर खूण कर. वासे आणि कौलांच्या उभ्या ओळी त्याच बिंदूकडे नेल्या की छप्पर बसते.

विहिरीचे तोंड, कळशी, घंगाळ यांसाठी लंबवर्तुळांचा सराव हवा. इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेच्या वस्तुचित्रात आपण ते केलेच होते. दोन समांतर रेषांच्या मध्ये, दोन्हींना स्पर्श करतील अशी लंबवर्तुळे एका झटक्यात, हात दोनदा फिरवून काढ. टोके कधीही टोकदार नकोत. डोळ्याच्या पातळीवरचे वर्तुळ नुसती रेषा दिसते आणि जितके खाली जावे तितके ते उघडत जाते, म्हणून कळशीच्या तोंडापेक्षा तिच्या बुडाचे वर्तुळ अधिक उघडे काढावे लागते.

किती करायचे, तर रोज अर्धा तास रेषा आणि चौकोनी खोकी, आणि तेवढाच वेळ आवडेल ते चित्र. दुसरा भाग सोडू नकोस. नुसत्या व्यायामांनी मन विटते आणि हात कशासाठी तयार करतो आहोत हे विसरायला होते. कागदांवर तारीख घाल आणि बिघडलेलेही फाडू नकोस. महिन्याभराने त्यांतले पहिले आणि शेवटचे मला टपालाने पाठव, मी त्यावर लाल शाईने रेषा मारून परत करीन. तुझ्या घराचे छप्पर काढलेस तर तेही पाठव, कारण ते चौपाखी आहे, त्याच्या कोपऱ्यांच्या कोनवाशांचा हिशेब दुपाखीपेक्षा वेगळा लागतो आणि तो समोर कागद असल्याशिवाय नीट सांगता येणार नाही.

वहिनींना नमस्कार. लोभ आहेच, तो वाढावा.

तुझा,
विनायक